कुंभार पिंपळगावातला मंगळाचा वारा

लोक वारा खायला महाबळेश्वरला जातात, पन्हाळ्यावर जातात. मी यंदाच्या थंडीत वारा शोधायला जालना जिल्ह्यात गेले, आणि तोही असा वारा की तो आहे की नाही याचीच शंका यावी. कोल्हापुरात शेजारणींना हे सांगितलं तर एकीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "जालन्यात काय आहे गं बघायला?" म्हणाली. मी म्हटलं, "सुनेचं माहेर आहे आणि मंगळ आहे." मग तिने कांद्याच्या भावाचा विषय काढला.

तर आधी सुनेचं सांगते. सुजाता पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात असते. तिथे ती आणि तिच्या हाताखालची पोरं मिळून एक पवनचक्की बनवतायत, मोठ्या परातीएवढी, मंगळावर पाठवायला. मंगळावर जी यंत्रं जातात ती बहुतेक उन्हावर चालतात. पण तिथे धुळीची वादळं उठतात, आभाळ झाकून जातं, ऊन घेणाऱ्या पत्र्यांवर धूळ बसते आणि यंत्र बिचारं उपाशी मरतं. सुजाताचं म्हणणं, ऊन गेलं तरी वारा असतोच ना, मग तो का खाऊ नये? मला हे एकदम पटलं. घरात एक भाजी संपली तर आपण दुसरी करतोच की.

आता गंमत अशी की मंगळावरची हवा फार विरळ. तिथलं घोंघावणारं वादळ आपल्याकडे आणलं, तर पात्याला त्याचा धक्का बसेल तो सकाळच्या झुळकीएवढा. म्हणजे चक्की अशी हवी की आपल्याकडच्या झुळकीवर, अंगावर धूळ घेऊन, कुणी बोट न लावता आपली आपण फिरायला लागेल. तसं ते कॅमेऱ्यात दिसलं तरच बंगळूरला हवा काढून घेतलेल्या खोलीत तिची पुढची परीक्षा होणार होती. नाही दिसलं तर काम इथेच बंद, पोरं दुसऱ्या कामाला. सुजाताने या चक्कीपायी दोन दिवाळ्या कॉलेजात काढल्यात. तिने रजा टाकली, आणि पुण्यात इमारतींमधून वारा भोवंडून येतो म्हणून माहेरची गच्ची निवडली. मुलाला बँकेतून सुटी मिळेना, म्हणून चक्कीचं खोकं धरायला मी. जन्मभर शिवणक्लास चालवलाय, नाजूक वस्तू धरायची सवय आहे. आणखी एक सांगून ठेवते. मला राग पटकन येतो आणि पटकन जातो. मधल्या वेळात समोर कोण असेल त्याचं नशीब.

घनसावंगीची जीप

रेल्वेचं आणि एसटीचं काही सांगत नाही, हाडं सगळीकडे सारखीच खिळखिळी होतात. खरा प्रवास सुरू झाला तो घनसावंगीला, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये.

"मावशी, ते खोकं टपावर टाका ना," ड्रायव्हर म्हणाला.

"तुला टाकीन टपावर. हे माझ्या मांडीवरनं हलायचं नाही."

शेजारी एक म्हातारबाबा मोसंब्यांची पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय हाय म्हणावं एवढं जपायला?"

"पवनचक्की हाय बाबा, लहानी," सुजाता म्हणाली. जालना आलं तशी तिची बोली परत आली होती. पुण्यातलं 'नाही' जाऊन 'न्हाई' झालं होतं.

पवनचक्की म्हटल्याबरोबर जीपभर माना वळल्या. मोठमोठ्या चक्क्या उभ्या करायला जागा बघत हिंडणारी माणसं या लोकांना ठाऊक. बाबा सरसावून बसले. "मंग आमच्या बरडावर या तुमी. असं वारं हाय, बैल आडवा होतो."

"ह्यांच्या बरडावर काय हाय!" मागून एकजण ओरडला. "आमच्या माळावर या. घरावरचे पत्रे उडून गेल्ते."

"तसं न्हाई बाबा, मला जास्त वारं नको. कमीत कमी पाह्यजे," सुजाता म्हणाली.

जीपभर माना बाबांकडे वळल्या. बाबांनी क्षणभर विचार केला आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "मंग तर आमचंच बरड बराबर हाय. बिलकुल पान हालत न्हाई."

हसून हसून माझ्या मांडीवरचं खोकं उडायला लागलं, तेव्हा कुठे मी आवरलं. बाबांनी मोसंबं सोलून हातावर ठेवलं. आमच्याकडे मोसंबं म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. तिथे धडधाकट माणसं ती टोपलीने खातात, आणि गोडीही अशी की मी दोन खाल्ली आणि तिसऱ्याकडे बघत बसले.

पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, आणि धुरळा! सगळ्यांनी पदर, रुमाल नाकाला लावले. आमच्या बाईसाहेबांनी मात्र खिडकीची काच सरकवली आणि तळहात बाहेर धरला. "आई, बघा ना किती बारीक! अशी धूळ आम्हाला पुण्यात चाळून चाळून करावी लागते." अख्खी जीप तिच्यावर ओरडली.

"कामून आत घेऊन राह्यली ती बाई धुरळा?" मागच्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "माहेरची आहे ना, म्हणून."

कुंभार पिंपळगाव

स्टँडवर विहीणबाई उभ्या होत्या. शोभाताई अंगणवाडीत होत्या, आता घरी असतात. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ईनबाई, किती वाळल्या तुमी!" ही इतकी धडधडीत थाप होती की मला फार बरं वाटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे धान्यं न् मसाले भाजून दळलेलं पीठ. आमटीत घातलं की दाटपणाही येतो आणि असा वास सुटतो की भाकरी मोजायची नाही. मी कोल्हापूरहून आमची कांदा-लसूण चटणी नेली होती, जरा तोऱ्यातच. शोभाताईंनी ती बोटाने चाखली. "रंग छान हाय," म्हणाल्या. मग मी त्यांचा ठेचा भाकरीला लावून घास घेतला, आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. डोळ्यांतलं पाणी धुळीने आलंय असं मी सांगितलं. व्याही पानात बघून हसत होते. त्या दिवसापासून मी तिखटाबद्दल कुणापुढे बोलत नाही.

दुपारी गच्चीवर चक्की उभी राहिली. तीन पांढरी पाती, हातात घेतली तर पिसासारखी. सुजाताने गावची माती आणली आणि चाळणी मागितली. थोड्या वेळाने खालून आरोळी, "सुजे, माझी पिठाची चाळण न्हाई ना घेतली?" घेतली होती. मैद्यासारखी माती पात्यांवर आणि मधल्या भोवऱ्यावर उडवत लेक म्हणाली, "माय, मंगळासाठी हाय." माय म्हणाली, "मंगळाला सांग, भाकरी तूच थाप म्हणावं."

तोवर गल्लीत बातमी पोचली होती की सुजीने पुण्याहून 'मंगळाचं यंत्र' आणलंय. आणि इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे मंगळ यंत्र म्हणजे काय ते सांगायला नको. तांब्याच्या पत्र्यावर आकडे कोरलेलं, देवघरात ठेवायचं, पत्रिकेतला मंगळ शांत व्हावा म्हणून. शोभाताईंच्या गच्चीला लागून मंदाकाकूंची गच्ची. कापूस, मोसंबी, खाऊनपिऊन सुखी घर. त्यांची अश्विनी शाळेत गणित शिकवते, गोड पोरगी, पण पत्रिकेत मंगळ, आणि तोही कडक. त्यामुळे मंदाकाकू हातची स्थळं सोडत होत्या. "मुलाला मंगळ न्हाई, मंग कशी द्यावी?" त्या मला म्हणाल्या. "उद्या त्याच्या जिवाला काही झालं तर?" अश्विनी शेजारी उभी राहून आभाळाकडे बघत होती. हे तिने किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे.

"तुमच्यात बरं हाय," काकू शोभाताईंना म्हणाल्या. शोभाताईंचं घर बौद्ध. माझ्या मुलाच्या आणि सुजाताच्या लग्नात पत्रिका कुणी मागितली नाही, दिली नाही. "आमच्यात पत्रिका न्हाई," शोभाताई म्हणाल्या, "पण चहा हाय. बसा."

बसल्या. जाताना त्यांनी सुजाताला विचारलं, "सुजे, यंत्राला काही वाहावं लागतं का?" सुजाताच्या तोंडात स्क्रू, डोकं चक्कीच्या बुडाशी. ती म्हणाली, "हं." हे 'हं' मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि त्याचा अर्थ मलाही तेव्हा लागला नाही.

पहिली सकाळ

उजाडताना नदीकडून गार झुळूक येते. इतकी हलकी की दोरीवरचा कपडा नुसता विचार करतो, हलू की नको. सुजाताने हातातलं वारा मोजायचं छोटं यंत्र वर धरलं आणि कुजबुजली, "बराबर मंगळावरचं वादळ." मी पदर घट्ट केला. मग आठवलं की मंगळावरच्या वादळात पदर उडत नाही.

पातं हललं. एक फेरा, मग दुसरा, आणि मग गोल गोल. शोभाताईंनी टाळी वाजवली. सुजाताने व्हिडिओ पुण्याला पाठवला आणि आम्ही पोहे खायला बसलो. तासाभरात पोरांचा फोन. "मॅडम, काहीच दिसत नाही." खरंच होतं. पांढरं पातं, मागे पांढरं धुकट आभाळ. कुणीही म्हणालं असतं, फोटो आहे.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. माझी काळी इरकल मागे पडदा म्हणून टांगली, तर तिनेच सगळा वारा अडवला. स्केचपेन फिरवला, पात्यांच्या गुळगुळीत लेपावर शाई धरेना. रंग द्यावा तर वजन वाढणार. दुसऱ्या दिवशी तर वारंच पडलं, पान हलेना, बाबांच्या बरडासारखं. मग शोभाताईंच्या भावाकडे मंठ्याला गेलो. बाजारातून पक्क्या शाईचा पेनही आणायचा होता. पेन मिळाला. तो वाळलेला आहे हे घरी आल्यावर कळलं. हुरडा मात्र ताजा होता! शेतात आगटीभोवती बसून गरम कणसं तळहातावर चोळायची, फुंकर घालून फोल उडवायचं आणि दाणे तोंडात टाकायचे. आम्ही कोल्हापूरकर गुऱ्हाळाचं कौतुक सांगतो, गरम काकवीचं सांगतो, ते खरंच आहे. पण थंडीत, चारी बाजूंना ज्वारी, आणि आपण नको नको म्हणताना मामा ओंजळ भरतायत, हे सुख मला साठीनंतर कळलं. सुजाता मात्र दाणे खाताना सारखी झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती.

लाल धागा

पुढच्या सकाळी झुळूक छान होती आणि पातं फिरेना.

नुसतं हलायचं, थोडं वर जायचं आणि झोके घेत परत खाली. वारा मोजला, बरोबर. सुजाताने मागच्या बाजूने भोवरा उघडला, पुसला, परत लावला. तेच. तिचा चेहरा उतरत गेला. मग ती पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसली. "धूळ आत गेली असेल, आई. धुळीनंच मेलं. म्हणजे मंगळावर पण मरणार. संपलं."

पोरीला आजवर मी 'संपलं' म्हणताना ऐकलं नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी चक्कीजवळ गेले, आणि जन्म गेला दोऱ्यांत, तेव्हा नजर तिथेच गेली. एका पात्याच्या मुळाशी, कॅमेऱ्याकडच्या अंगाला, लाल धाग्याचे चांगले सात-आठ वेढे आणि त्याला ओलं कुंकू. प्रत्येक वेळी तेच पातं खाली येऊन थांबत होतं.

"कुणी बांधलं हे?" धागा सोडवत मी अशी ओरडले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

पलीकडच्या गच्चीवर मंदाकाकू आल्या, मागे अश्विनी. काकूंनी माझ्या हातातला धागा बघितला. "मी बांधला, आज पहाटे. यंत्राला वाह्यचं असतं का म्हणून इचारलं व्हतं की सुजीला. हं म्हणली ती."

"आई!" अश्विनीने कपाळाला हात लावला.

"काकू, तुमच्या पोरीचा मंगळ शांत करायला आमच्या पोरीचा मंगळ बुडवलात!" मी म्हणाले. तोंडातून गेलं आणि काकूंचे डोळे भरून आले. झालं, माझा राग तिथेच उतरला. मी तो धागा उगीच गुंडाळत राहिले.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज. सुजाता उठली होती. तिने ते मोकळं झालेलं पातं नुसत्या फुंकरीने फिरवलं. "म्हणजे धुळीनं काही झालं न्हाई! आई, धूळ पचवली तिनं! नुसता धागा होता!" ती चक्क नाचली. मग एकदम थांबली आणि कॅमेरा उघडला. सकाळचा व्हिडिओ. पांढऱ्या आभाळात बाकी काही दिसत नव्हतं, पण तो लाल ठिपका कसा लख्ख दिसत होता.

"काकू," ती म्हणाली, "धागा अजून हाय का?"

मग माझं काम. एकसारखे तीन तुकडे, एकसारख्या गाठी, कुंकू पुसून, एकाच अंतरावर, तिन्ही पात्यांना. सुजाता म्हणाली, तिन्हीकडे सारखं वजन असलं की पात्याला कळतही नाही. काकू गाठींकडे डोळे लावून बसल्या होत्या. "घट्ट मारा ईनबाई," त्या म्हणाल्या. मी त्यांची विहीण नव्हे, पण राहू दे म्हटलं. तोवर ऊन वर आलं होतं आणि वारा वाढला होता. उरली फक्त शेवटची सकाळ. दुपारची आमची गाडी होती.

शेवटची सकाळ

दोन्ही गच्च्यांवर माणसं. शोभाताईंनी पातेलंभर चहा वर आणला. आम्ही शाली गुंडाळून रांगेत बसलो आणि वारंच नाही. सुजाता कॅमेऱ्यामागे उकिडवी बसली होती आणि ओठ चावत होती. मी मनात म्हटलं, देवा, वादळ दे, पण लहान दे.

चहाची वाफ तिरकी झाली. मग माझ्या कानाजवळचे केस हलले. धाग्यांची टोकं थरथरली, आणि एक लाल ठिपका खालून निघाला, वर गेला, क्षणभर रेंगाळला. आणि तो पलीकडे उतरला. मग दुसरा, मग तिसरा, आणि थोड्या वेळात ठिपके उरलेच नाहीत, आभाळात एक लाल गोल फिरायला लागला. मला रडू आलं. मी ते पुसलंही नाही.

"झालं?" शोभाताईंनी विचारलं.

"झालं, माय," सुजाता म्हणाली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसलं.

मंदाकाकू हातात कप धरून कधीच्या त्या गोलाकडे बघत होत्या. मग त्यांनी दुसरा हात वर केला आणि बोटं पसरून वारा चाचपला, भाकरीचा तवा तापला का बघतात तसा. "सुजे, तिथलं वादळ केवढं असतं म्हणली तू?"

"हे येवढंच, काकू. याच्यातच बसलो आपण."

"कडकातलं कडक?"

"कडकातलं कडक."

काकूंनी घोट घेतला. शाल खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी वर ओढलीही नाही. मग लेकीकडे न बघता म्हणाल्या, "अशे, या येवढ्याला भिऊन मी ते अंबडचं स्थळ सोडलं?"

अश्विनी हसायला लागली ती थांबेचना, आणि हसता हसता तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

घरी

येऊन महिना होऊन गेला. बंगळूरच्या खोलीत चक्कीचा नंबर लागला. तिथे धागे चालत नाहीत म्हणे, म्हणून पात्यांवर लाल रेघा मारायच्या ठरल्यात, तिन्हीवर सारख्या. सोडलेले धागे सुजाताने मला दिलेत, ते माझ्या सुयांच्या डबीत आहेत. तिथून येताना आणलेला ठेचा मी शेजारणींना दिला. आता त्या जालन्यात काय आहे हे विचारत नाहीत.

काल शोभाताईंचा फोन आला होता. अश्विनीला नवं स्थळ आलंय, घनसावंगीचं, आणि मुलगा तिला आवडलाय. पाहुण्यांनी बसल्या बसल्या विचारलं, मुलीला मंगळ आहे का? मंदाकाकूंनी पोह्यांच्या बशा पुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "हाय ना. कडक हाय. आमी त्याच्या वाऱ्यात बसून चहा पेलो."